घराजवळचे उद्यान : पनवेलच्या नागरी जीवनातील एक पाठ

शहर म्हणजे केवळ रस्ते, इमारती आणि बाजारपेठा नव्हेत. घराचा उंबरठा आणि कामाचे ठिकाण या दोहोंच्या मध्ये माणसाला जी मोकळी जागा लाभते, तिच्यावरही नागरी जीवनाचा कस अवलंबून असतो. अशा जागांपैकी सर्वांत साधी आणि बहुधा म्हणूनच दुर्लक्षित राहिलेली जागा म्हणजे वसाहतीतील लहानसे उद्यान. तेथे जाण्यास निमंत्रण लागत नाही की ओळख सांगावी लागत नाही. पाच-पन्नास झाडे, फिरण्याची एक वाट, दोन झोके, एक घसरगुंडी आणि चार बाके एवढ्यावर त्याचा संसार चालतो. तथापि पहाटेपासून रात्रीपर्यंत या एवढ्याशा जागेचा लाभ कोणकोण घेतो, हे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. उद्यानाचे मोल त्याच्या क्षेत्रफळावर जितके ठरते, तितकेच, किंबहुना अधिक, त्याच्या वेळापत्रकावर ठरते. रायगड जिल्ह्यातील पनवेल शहर हे या अभ्यासासाठी बोलके उदाहरण होय.

तळ्यांच्या गावापासून सेक्टरांच्या शहरापर्यंत

पनवेल हे खाडीकाठचे जुने व्यापारी गाव. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली आणि राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते. त्या काळी गावात आखीव उद्याने नव्हती. परंतु मोकळ्या जागांची वाणही नव्हती. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे अशी तळी, देवळांची आवारे आणि पार हीच गावाची विसाव्याची ठिकाणे होती. पाण्याच्या, पूजेच्या वा बाजाराच्या निमित्ताने माणसे तेथे जमत आणि जाता जाता चार शब्द बोलत. करमणूक ही वेगळी सोय म्हणून पुरवावी लागत नव्हती. ती रोजच्या व्यवहाराला चिकटूनच येत असे.

हे चित्र १९७० नंतर पालटू लागले. त्या वर्षी १७ मार्च रोजी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. भाताची शेते आणि मिठागरे यांच्या जागी सेक्टरांची आखणी झाली. रेल्वेमार्गाच्या पलीकडे नवीन पनवेल उभे राहिले. पुढे कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती वाढल्या. १९९८ साली उपनगरी रेल्वे पनवेलपर्यंत पोहोचली आणि मुंबईत नोकरी करून येथे राहणाऱ्या कुटुंबांची संख्या झपाट्याने वाढली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. ती रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका होय. नगरपालिकेचे जुने क्षेत्र, सिडकोच्या वसाहती आणि २९ महसुली गावे तिच्या हद्दीत आली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा प्रत्येक घटनेबरोबर या परिसरातील जमिनीचे मोल वाढते आणि ज्या जागेवर काहीच बांधलेले नाही, ती जागा अनेकांच्या डोळ्यांत भरू लागते.

नव्या वसाहतीत घरे आटोपशीर झाली, अंगण गेले, ओटी गेली. सदनिकेच्या दाराबाहेर जिना, जिन्याखाली वाहनतळ आणि त्यापुढे रस्ता अशी रचना आली. तळे, पार आणि अंगण ही तिन्ही ठिकाणे पूर्वी जे काम करीत, ते सारे आता सेक्टरातील उद्यानाला एकट्याने करावे लागते.

उद्यानाचा एक दिवस

नवीन पनवेल किंवा कामोठे येथील एखाद्या उद्यानात एक दिवस घालवावा. पहाटे फाटक उघडण्यापूर्वीच दोघे-चौघे ज्येष्ठ नागरिक बाहेर थांबलेले असतात. फाटक उघडताच फेऱ्या सुरू होतात. साडीवर कापडी बूट घातलेल्या गृहिणी, मधुमेहासाठी वैद्यांनी चालण्यास सांगितलेले गृहस्थ, सहाची लोकल गाठण्यापूर्वी धावून घेणारे तरुण असे सारे एकाच वाटेवरून, एकाच दिशेने चालतात. दिशा कोणी ठरवून दिलेली नसते. पण उलट चालणारा सहसा आढळत नाही. सातच्या सुमारास एका कोपऱ्यात योगासने होतात, तर दुसऱ्या कोपऱ्यात हास्यमंडळ जमते. हे हास्यमंडळ मूळचे महाराष्ट्रातीलच. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतील अंधेरी उपनगरात एका सार्वजनिक उद्यानात अवघ्या पाच जणांना घेऊन ते सुरू केले आणि पुढे ही चळवळ अनेक देशांत पसरली. वसाहतीतील उद्यानात काय रुजू शकते, याचे हे एक उदाहरण आहे.

आठनंतर मुलांना शाळेच्या गाडीत बसवून आलेल्या माता काही वेळ बाकांवर विसावतात. वर्तमानपत्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ऊन चढू लागले की उद्यान रिकामे होते आणि अनेक ठिकाणी फाटकाला कुलूप लागते.

दुपारी पाहण्यासारखे असते ते कुंपणाबाहेर. आतल्या झाडांची सावली जेथे पदपथावर पडते, तेथे बांधकामावरील मजूर डबा उघडून बसलेले असतात. दोन घरांच्या कामांमधला तासभर वेळ काढणारी घरकामगार स्त्री, सामान पोहोचविणारी मुले, रिक्षाचालक असे सारे तेथेच थांबतात. आत बाके मोकळी आणि बाहेर माणसे भुईवर, असा हा देखावा अनेक शहरांत नित्याचा आहे.

चार वाजता फाटक पुन्हा उघडते. प्रथम येतात ती आजी-आजोबांच्या बोटाला धरून चालणारी लहान मुले. पाचनंतर शाळकरी मुलांचा लोंढा येतो. झोक्यासाठी रांग लागते, वाळूत किल्ले उभे राहतात आणि लपंडाव, लगोरी, विषामृत, डबा ऐसपैस यांना ऊत येतो. मोठी मुले चेंडू-फळी घेऊन मधली मोकळी जागा व्यापतात. दिवेलागणीच्या वेळी स्त्रियांचे घोळके बसतात. भाजी निवडण्यापासून मुलांच्या परीक्षांपर्यंत सर्व विषय निघतात. नोकरीनिमित्त देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या कुटुंबांतील स्त्रिया मराठी बोलू लागतात, त्या अनेकदा याच बाकांवर. आठनंतर मुंबईहून परतलेले नोकरदार शतपावलीसाठी येतात. एखादा विद्यार्थी दिव्याखाली पुस्तक उघडून बसतो. नऊ-दहाच्या सुमारास शिट्टी वाजते आणि उद्यानाचा दिवस संपतो.

ऋतुमानाप्रमाणे हे चक्र बदलते. कोकणातील पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात, बाके ओली राहतात आणि चार महिने उद्यानाचा वापर रोडावतो. ज्या उद्यानात एखादे छप्पर असते, तेथे मात्र माणसांचा राबता कायम राहतो. मे महिन्यात सुट्टीमुळे मुले दिवसभर मोकळी असतात. पण उद्यानात सावली नसेल तर संध्याकाळखेरीज त्यांना तेथे वाव नसतो.

एक चौरस मीटरचा हिशेब

केंद्र शासनाच्या नगरविकास मंत्रालयाने २०१४ साली नगररचनेसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत सर्व प्रकारच्या मोकळ्या जागा मिळून दरडोई १० ते १२ चौरस मीटर क्षेत्र असावे, असे सुचविले आहे. त्यातच ५,००० लोकवस्तीच्या निवासी भागासाठी अर्धा हेक्टर, म्हणजे ५,००० चौरस मीटर, आणि १५,००० लोकवस्तीसाठी एक हेक्टर उद्यान असावे, असे प्रमाण दिले आहे. याचा साधा अर्थ असा की, घराजवळच्या उद्यानात नियमाप्रमाणेही एका माणसाच्या वाट्याला फार तर एक चौरस मीटर जागा येते. सर्व रहिवासी एकाच वेळी आले, तर उभे राहण्यापलीकडे काही करता येणार नाही.

असे असूनही ही उद्याने सर्वांना पुरतात, कारण सर्वजण एकाच वेळी येत नाहीत. सकाळी ज्या मोकळ्या जागेत आसने होतात, तीच संध्याकाळी खेळाचे मैदान बनते. जे बाक सकाळी वर्तमानपत्राचे असते, ते दुपारी आजीचे, संध्याकाळी मैत्रिणींचे आणि रात्री विद्यार्थ्याचे होते. एका जागेची अशी अनेक उद्याने तासातासाने होत असतात. जागा वाढविणे बहुधा कोणाच्याही हाती नसते. वेळ वाढविणे मात्र स्थानिक प्रशासनाच्या हाती असते.

या दृष्टीने पाहता उद्यानाच्या व्यवस्थेतील लहानसहान निर्णय मोठे ठरतात. दुपारी फाटक बंद ठेवल्यास पाणी घालणे व झाडलोट सोयीची होते, गैरवापरही टळतो, हे खरे. परंतु ज्यांच्या वाट्याला विसाव्याची तेवढीच घटका असते, त्यांच्यासाठी उद्यान नसल्यासारखेच होते. पूर्ण कुलूप लावण्याऐवजी सावलीचा एक भाग खुला ठेवला, तर दोन्ही हेतू साधू शकतात. एक दिवा बंद पडला की त्या कोपऱ्यातील बाक सातनंतर स्त्रियांसाठी संपते. वाटेवर एक पायरी ठेवली की चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी सारेच उद्यान बंद होते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यान्वये सार्वजनिक जागा सुगम करणे हे कर्तव्य असल्याने या गोष्टीकडे केवळ सौजन्य म्हणून पाहता येणार नाही. ध्वनिक्षेपकाचेही तसेच. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत त्याचा वापर २००० सालच्या नियमांनी निर्बंधित केला आहे. परंतु सहानंतरही एका मंडळाच्या ध्वनिक्षेपकाने उद्यानाभोवतीच्या आजाऱ्यांची व अभ्यास करणाऱ्यांची सकाळ हिरावली जाऊ शकते.

मुलींचा प्रश्न विशेष लक्ष देण्यासारखा आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे १९९० नंतरच्या दशकात झालेल्या पाहणीत असे आढळले की, वयाच्या नवव्या वर्षानंतर उद्यानात येणाऱ्या मुलींची संख्या एकाएकी घटते, मुलांची घटत नाही. मधली सलग मोकळी जागा मुलगे खेळासाठी व्यापत आणि मुली हळूहळू येईनाशा होत. तेथील नगर प्रशासनाने दोन उद्यानांची फेररचना केली. मोकळ्या जागेचे लहान भाग केले, निरनिराळ्या खेळांची सोय केली, वाटा व दिवे सुधारले. परिणामी मुली पुन्हा येऊ लागल्या. पनवेलच्या एखाद्या उद्यानात संध्याकाळी सहा वाजता दहा वर्षांवरील मुलगे किती आणि मुली किती, हे मोजण्यास खर्च काहीच नाही. ती मोजणी अनेक अहवालांपेक्षा अधिक सांगून जाईल.

मोठे उद्यान आणि जवळचे उद्यान

पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत खारघर येथे सिडकोचे सेंट्रल पार्क आहे. त्याचे नियोजन सुमारे ८० हेक्टर क्षेत्राचे असून नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोचे एक स्थानकही त्याच नावाचे आहे. शहरापासून काही अंतरावर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. अशी ठिकाणे शहराचे वैभव होत. परंतु तेथे जाण्यासाठी सुट्टी लागते, वाहन लागते आणि बेत आखावा लागतो. सहा वर्षांचे मूल एकटे तेथे जाऊ शकत नाही. गुडघेदुखीने त्रासलेली आजी रोज तेथे पोहोचू शकत नाही. महिन्यातून एकदा घडणारी सहल आणि रोज मिळणारा तासभर विरंगुळा या दोन भिन्न गरजा आहेत. पहिलीने दुसरी भागत नाही.

हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहराने या बाबतीत अनुकरणीय धडा घालून दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मुलांना खेळावयास जागा उरली नव्हती. १९४७ ते १९७८ या काळात वास्तुरचनाकार आल्डो व्हान आइक यांनी नगरपालिकेसाठी सातशेहून अधिक लहान क्रीडांगणे आखली. पडक्या घरांच्या जागा, रस्त्यांचे कोपरे, मोकळे तुकडे यांवर वाळूचा हौद, चढण्यासाठी काही दांडे आणि बसण्यासाठी बाके एवढीच सामग्री मांडली जाई. अनेक ठिकाणी ही जागा नागरिकांनी स्वतः पत्र लिहून सुचविलेली असे. आपल्याकडेही १९१५ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील नगरांची पाहणी करणारे आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस यांनी, गावातील लहान मोकळ्या जागा, तळी व वृक्ष यांचे जतन हेच नगरसुधारणेचे पहिले पाऊल होय, असा आग्रह धरला होता. तळी बुजवून गाव सुधारत नाही, हा त्यांचा विचार पनवेलसारख्या तळ्यांच्या गावाला आजही लागू पडतो.

कायद्याचे कवच

भारतीय संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची समाविष्ट झाली, तिच्यात उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची तरतूद हा नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांपैकी एक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेत अशा जागा आरक्षित करता येतात. तथापि आरक्षण म्हणजे उद्यान नव्हे. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर जमीनमालक तशी सूचना बजावू शकतो आणि त्यानंतर विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. नकाशावर हिरव्या रंगाने दाखविलेली जागा अशा रीतीने, कोणी अतिक्रमण न करताही, केवळ विलंबाने हातची जाऊ शकते.

झालेल्या उद्यानाचे रक्षण करण्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ सालचा निर्णय मार्गदर्शक आहे. बंगळूर येथील एका वसाहतीच्या आराखड्यात सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवाशांनी दाद मागितली. उच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. रुग्णालय ही चांगली गोष्ट नाही, असे कोणी म्हटले नव्हते. परंतु सर्वांसाठी राखलेली मोकळी जागा दुसऱ्या हेतूसाठी, तोही खाजगी, वळविता येणार नाही, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार शेजारच्या रहिवाशांना आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. उद्यानाच्या कोपऱ्यावर येणारे प्रस्ताव बहुधा चांगल्याच कामांचे असतात. म्हणूनच या तत्त्वाचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

वृक्षांसाठी १९७५ चा स्वतंत्र अधिनियम असून नागरी क्षेत्रात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. कायदा झाड तोडू देत नाही. परंतु बुंध्यापर्यंत फरशी बसवून त्याचे पाणी तोडणे हे मात्र सर्रास घडते. बकुळ, करंज, कडुनिंब, ताम्हण यांसारखी येथील हवामानास मानवणारी सावलीची झाडे आणि त्यांच्याभोवती उघडी माती हीच उद्यानाची खरी गुंतवणूक होय. रंगीत कारंजे पहिल्या दुरुस्तीपर्यंत टिकते. ताम्हण मात्र दर उन्हाळ्यात फुलते.

अभ्यासाची रीत

उद्यानाचा अभ्यास करण्यास तज्ज्ञांची आवश्यकता नाही. शिक्षकांना तो परिसर अभ्यासाचा उपक्रम म्हणून सहज घेता येईल. विद्यार्थ्यांनी गटागटाने एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडावा. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तासाला उद्यानात किती माणसे आहेत, त्यांत मुले, मुली, स्त्रिया, पुरुष व ज्येष्ठ नागरिक किती, कोण बसले आहे, कोण चालते आहे, कोण खेळते आहे, याची नोंद करावी. फाटक बंद असतानाही कुंपणाबाहेर किती जण सावलीला थांबले आहेत, हे लिहावे. झाडे मोजावीत, बंद दिवे मोजावेत, पाण्याचा नळ चालू आहे काय ते पाहावे. कोणाचेही नाव किंवा छायाचित्र घेण्याचे कारण नाही. शेवटी एकच प्रश्न विचारावा : या उद्यानात कोण दिसले नाही? गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा पाठ त्यात आपोआप होतो.

हीच नोंद अधिकाऱ्यांना अंदाजपत्रकाच्या वेळी उपयोगी पडेल. नवी खेळणी बसवावयाची की छप्पर उभारावयाचे, आणखी एक फाटक ठेवावयाचे की दिवे दुरुस्त करावयाचे, हे तक्रारींच्या आवाजावरून न ठरता पाहणीवरून ठरेल.

पंचायत सदस्यांसाठी हा पाठ अधिक निकडीचा आहे. पनवेलच्या आसपास ज्या गावांत आज शेतजमिनी बिनशेती होऊन भूखंड पडत आहेत, ती गावे उद्याच्या वसाहती आहेत. मोठ्या अभिन्यासात मोकळी जागा सोडणे नियमांनी बंधनकारक आहे. परंतु ती जागा ओढ्याच्या काठी, उतारावर किंवा उच्चदाब वाहिनीखाली उरलेला तुकडा म्हणून सोडली जाते की घरांच्या मध्यभागी, चालत जाता येईल अशा ठिकाणी, हे मंजुरीच्या वेळीच पाहिले पाहिजे. गावचे तळे, पार आणि खेळाचे मैदान यांची मोजणी करून हद्दी कायम करून घेणे हे काम आज अल्प खर्चाचे आहे. वसाहत उभी राहिल्यावर तेवढीच जागा विकत घेणे कोणत्याही स्थानिक संस्थेच्या आवाक्यात राहत नाही.

नवी मुंबईच्या मोकळ्या जागा एकेकाळी शेतकऱ्यांची शेते आणि मिठागरे होती. ती सार्वजनिक कामासाठी घेण्यात आली, तेव्हा तेथील कुटुंबांनी पिढ्यांचे जीवनमान बदलून त्याची किंमत मोजली आहे. त्या जमिनीचा जो थोडा अंश उद्यान म्हणून उरला आहे, तो सर्वांसाठी व सर्व वेळी उपयोगी पडावा, ही अपेक्षा म्हणूनच रास्त ठरते. पहाटे फाटकाबाहेर थांबलेले ज्येष्ठ, दुपारी कुंपणाबाहेर बसलेली कामकरी स्त्री आणि संध्याकाळी खेळण्यास जागा न मिळाल्याने परतणारी मुलगी, या तिघांनाही ज्या दिवशी आत जागा मिळेल, त्या दिवशी ते उद्यान खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाले, असे म्हणता येईल.